तो घरी येतो की नाही

४ जानेवारी

प्रिय भावजयबाई,

आशीर्वाद घे, आणि त्याआधी शाबासकी घे. तू तयार केलेला पाय लावून एक सुतार दवाखान्याच्या आवारात चालत फिरला, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि मी डोळे पुसले. मग वर्गावर गेले आणि नद्या शिकवायच्या सोडून मुलींना तेच सांगत बसले. आमच्या घराण्यात आजवर सगळ्यांनी एकमेकांचे पाय ओढले. लोकांना पाय देणारी तू पहिलीच.

आता तुझ्या नवऱ्याचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा वृत्तान्त. तब्येत ठणठणीत आहे. लिफ्ट दुरुस्तीची कामं जोरात आहेत, सगळीकडे मजल्यावर मजले चढताहेत. तुझ्याबद्दल विचारलं की "बरी असेल" म्हणतो आणि ताटात बघतो. कृत्रिम पाय बनवण्याचं शिक्षण घ्यायला तू गेलीस त्याला चार महिने होऊन गेले. या माणसाने तुला एक ओळ लिहिलेली नाही, हे मला ठाऊक आहे. निघताना तुमचं वाजलं आणि तो "जायचं तर जा" म्हणाला, हेही ठाऊक आहे. पण नवरा-बायकोच्या मध्ये नणंदेने पडू नये म्हणतात. मी पडत नाही. मी फक्त सिनेमाबद्दल लिहिते.

आमच्या सिनेमंडळाने परवा एक जुना सिनेमा दाखवला. काळा-पांढरा, माझ्या तरुणपणातला. सगळी गोष्ट एका रात्रीची. टपाल कचेरीत पत्रं निवडणारे पाच पुरुष. त्यातल्या सगळ्यात लहानाचं दुसऱ्या दिवशी लग्न, म्हणून बाकीचे त्याला मजा करायला बाहेर काढतात. मजा कसली नि काय! या दुकानातून त्या दुकानात, पेल्यावर पेले, आणि नवरदेव प्रत्येकाला एकच विचारतो, "लग्न कसं असतं?" प्रत्येक जण विनोद करून वेळ मारून नेतो. त्यांच्यात एक टोपीवाला आहे, लग्नाला बरीच वर्षं झालेला. काय काम केलंय त्या नटाने! तोंडाने हसतो आणि डोळ्यांनी घर शोधत असतो. शेवट मी सांगत नाही, पण असा शेवट मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेला नाही. शेवटचा प्रसंग संपला तेव्हा आमच्या सभागृहात कोणी खुर्चीसुद्धा वाजवली नाही.

बंधुराजही आले होते, ओढूनच आणला होता. सिनेमा संपल्यावर मी लोकांशी बोलत बसले आणि त्याने मुकाट्याने रिळं डब्यांत भरून आवरून ठेवली. तीच पेटी आता तुमच्या गावच्या मंडळाकडे निघाली आहे. जा आणि बघ. मोठी नणंद म्हणून हुकूम समज.

तुझी,
वन्सं

* * *

१९ जानेवारी

वन्सं,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. माझ्या खोलीत साष्टांग घालायला जागा नाही.)

तुमचा हुकूम पाळला. वाचनालयाच्या सभागृहात सिनेमा होता. इथे यंत्र एकच असल्यामुळे दर रिळानंतर दिवे लागतात, चालक पुढचा डबा उघडतो, आणि तेवढ्यात मागच्या रांगेतल्या बायका विणकामाचे चार टाके घालून घेतात. आमच्या केंद्रात पायांचे साचे घेणाऱ्या प्लास्टरवाल्या बाई माझ्याबरोबर होत्या.

सिनेमा मोठा आहे, यात वाद नाही. त्या पाच जणांपैकी एकही खोटा वाटला नाही. चेंडूने लाकडी बाहुल्या पाडायच्या त्या खेळाच्या ठिकाणी एक जण एकटाच खेळत राहतो आणि बाकीचे निघून जातात, तो प्रसंग तर डोळ्यांसमोरून जात नाही. पण वन्सं, तुम्ही मला हा सिनेमा का दाखवलात? शेवट पाहून मला रात्रभर झोप नाही. तो टोपीवाला घरी येतो, बायको एक शब्द न विचारता दार उघडते, आपली खुर्ची त्याच्याजवळ सरकवते, आणि पुढच्या रिळात पाहावं तर हे महाराज परत त्याच मित्रांबरोबर रस्त्यात खिदळताहेत! शेवटी पाठमोरा चालत अंधारात निघून जातो. संपलं. दिवे लागले.

इथले मंडळाचे अध्यक्ष उभे राहिले आणि म्हणाले, इतका धीट शेवट त्या काळात कोणी केला नव्हता. पुरुष घरी येतो तो पुन्हा बाहेर पडण्यापुरता, हे सत्य दिग्दर्शकाने न घाबरता सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण ते सत्यच आहे असं मला वाटलं.

तुमच्या भावाला आवडला म्हणालात ना? आवडणारच.

तुमची,
भावजय

* * *

२७ जानेवारी

भावजयबाई,

तू कुठला सिनेमा पाहिलास? की प्लास्टरवाल्या बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून डुलकी काढलीस? अगं, तो घरी येतो! घरी येतो म्हणून तर तो सिनेमा मला इतका आवडतो! बायको खुर्ची सरकवते, तो बूट काढतो, आणि दोघं काही न बोलता उजाडेपर्यंत बसून राहतात. इथेच संपतो. मी हा सिनेमा आजवर किती वेळा पाहिला असेल देव जाणे. लग्न केलं नाही खरं, पण नवऱ्यांची पारख मला या एका टोपीवाल्याने शिकवली. रात्रभर भटकून ज्याला कळतं की आपल्याला जायचं कुठे आहे, तो माणूस चांगला.

आणि माझा भाऊ चांगला आहे. आपला तो बाब्या, म्हणशील. म्हण. पण सिनेमा त्याला आवडला असं मी लिहिलंच नव्हतं. त्याने एक अक्षर काढलेलं नाही, तोंडात मूग गिळून बसला आहे.

इकडची बातमी म्हणजे त्याच्या कंपनीतल्या सगळ्यात धाकट्या मेकॅनिकचं पुढच्या महिन्यात लग्न आहे. मुकादम आणि मंडळी त्याला एक संध्याकाळ बाहेर नेणार आहेत. बंधुराजांनाही आमंत्रण आहे. सिनेमाच जणू. तू काळजी करू नकोस म्हणून आधीच सांगून टाकते.

वन्सं

* * *

३ फेब्रुवारी

वन्सं,

मी डुलकी काढली नव्हती. तुम्ही इतकं ठासून लिहिलंत म्हणून प्लास्टरवाल्या बाईंना विचारलं. त्याही म्हणाल्या, येतो आणि परत जातो. त्यांनी तर टोपीसुद्धा सांगितली. घरी येतो तेव्हा त्याच्या डोक्यावर टोपी नसते. बायको दारात क्षणभर त्याच्या केसांकडे बघते, ते मलाही आठवतं. मग पुढच्या रिळात स्टेशनवरच्या बाकड्यावर नवरदेव रडत असतो तेव्हा याच्या डोक्यावर टोपी आहे. बाई म्हणाल्या, बायकोनेच दुसरी आणून दिली असेल, बायका देतात. तर तीही टोपी तो बाकड्यावर विसरून चालता होतो. मला इतका संताप आला त्या टोपीचा!

तुम्हाला हा सिनेमा गोड वाटतो, कारण तुम्हाला गोड माणसं बघायची सवय आहे. मला जे दिसलं ते दिसलं.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. केंद्राने मला कायमचं थांबायला सांगितलं आहे. शिक्षण संपल्यावर इथेच नोकरी. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. वन्सं, मला हे काम जमतं. मी माप घेते तेव्हा माणूस आधी लाजतो, पाय झाकून घेतो, आणि दोन-तीन खेपांनंतर स्वतःच गुडघा पुढे करतो. हे सोडून परत यायचं तर कोणासाठी? ज्याने चार ओळी लिहिल्या नाहीत त्याच्यासाठी? त्यांनी "ये" म्हटलं असतं तर भांडले असते. "राहा" म्हटलं असतं तर रडले असते. काहीच म्हणत नाहीत, त्याचं मी काय करू?

हे त्यांना सांगू नका. तुम्हाला माझी शपथ.

भावजय

* * *

९ फेब्रुवारी

माझ्या शहाण्या, वेड्या भावजयबाई,

हे पत्र बसून वाच.

तुझी टोपी वाचली आणि मी ताडकन उठले. टोपी एकच आहे! ती तो स्टेशनवर विसरतो आणि तसाच बोडका घरी येतो, म्हणून तर बायको त्याच्या केसांकडे बघते! म्हणजे स्टेशन आधी आणि घर नंतर. सातवं रीळ स्टेशनचं, आठवं घराचं. तुमच्या चालकाने आठवं आधी लावलं आणि सातवं शेवटी. त्याचा काही दोष नाही, डब्यावरचा आकडा बघूनच लावणार. प्रत इतकी जुनी आहे की शेवटची "समाप्त"ची पाटी कधीच झिजून तुटली, त्यामुळे कोणाला संशयही आला नाही. तुमच्या अध्यक्षांच्या भाषणाची मात्र मला मनापासून मौज वाटली. तसं बघितलं तर तोही शेवट काही वाईट नाही. चांगला सिनेमा उलटा लावला तरी काहीतरी सांगतोच.

पण चुकीच्या डब्यात रीळ घातलं कोणी? पेटी आमच्याकडून गेली होती. आणि डबे भरले होते तुझ्या नवऱ्याने.

आता मला सांग, या माणसाच्या हातून तू कधी एक स्क्रू इकडचा तिकडे झालेला पाहिलास? घरातल्या डब्यांची झाकणंसुद्धा ज्याची त्याला लावणारा माणूस. संध्याकाळी जेवायला आला तेव्हा मी समोर बसून विचारलं, "सातवं रीळ कुठल्या डब्यात घातलंस?"

ताटातली भाकरी मोडत राहिला. मग म्हणाला, "चुकलं असेल. मला तेव्हा नीट दिसत नव्हतं."

मी म्हटलं, "अरे, सभागृहाचे सगळे दिवे लागलेले होते!"

"हो," म्हणाला, आणि हात धुवायला उठला.

भावजयबाई, मी मूर्ख आहे. माझा भाऊ लोकांकडे पाठ करून, डोळे भरलेले असताना डबे भरत होता, आणि मी तिकडे टोपीवाल्याच्या अभिनयावर व्याख्यान देत होते.

आणखी एक. तो मला म्हणाला होता की सांगू नकोस, पण आता लपवून काय मिळवायचं. डिसेंबरपासून तो घरी झोपत नाही. माझ्या पुढच्या खोलीत सतरंजी टाकतो. विचारलं तर म्हणतो, इथून कामावर जायला जवळ पडतं. जवळ कसलं, उलट लांब!

आणि तुझी शपथ मी मोडली. तुझ्या नोकरीचं त्याला सांगून टाकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं वाटेल तुला. पण मी फार विचार करून मोडली आहे. रागव माझ्यावर. तो त्यावर "कधीपर्यंत उत्तर द्यायचंय?" एवढंच म्हणाला. उद्या त्यांची ती बाहेर जायची संध्याकाळ आहे. जाईल की नाही, माहीत नाही.

वन्सं

* * *

१६ फेब्रुवारी

पत्राच्या वर काय लिहितात ते मला येत नाही. ताईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं आणि सगळं पत्रच सांगितलं असतं. म्हणून वर काही नाही.

रिळांचं तिने तुला कळवलं आहे. खरं आहे. ती बाई खुर्ची सरकवते तिथपासून पुढचं मला धड दिसलं नाही. तू पण तशीच सरकवायचीस. मी कामावरून आलो की काही विचारायची नाहीस. मला वाटायचं, हिला विचारायचंच नसेल.

त्या संध्याकाळी मी गेलो. आम्ही चौघं आणि नवरदेव. मुकादमाने पहिल्या पेल्यालाच गाणं सुरू केलं. पोरगा घाबरलेला होता. त्याने खरंच विचारलं, "लग्न कसं असतं?" मुकादम म्हणाला, "लिफ्टसारखं, अडकल्यावर घंटा वाजवायची." सगळे हसले. दुसऱ्याने आणखी काहीतरी सांगितलं. मग माझ्याकडे आले. माझ्याकडेही एक विनोद तयार होता. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. मी म्हणालो, "ती असते तेव्हा आपण घरी जातो. ती नसली की नुसती पाठ टेकायला जातो. मी सध्या बहिणीकडे पाठ टेकतो." कोणी हसलं नाही. मुकादमाने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "जा तू." मी लवकरच उठलो, त्यांचं अजून जेवणही आलेलं नव्हतं.

आपल्या घरी गेलो. कुलूप जाम झालं होतं, तेल घातलं. नळ सोडला तर पाणी लाल आलं, इतके दिवस कोणी सोडला नव्हता. ते स्वच्छ होईपर्यंत उभा राहिलो. मग सगळी फरशी पुसून काढली. आता तिथेच झोपतो.

"जायचं तर जा" हे मी रागाने म्हणालो होतो. मला वाटलं होतं तू थांबशील. तू गेलीस, आणि मग मला तुझा राग धरायलाही काही राहिलं नाही, कारण जा तर मीच म्हणालो होतो. म्हणून लिहिलं नाही. दुसरं काही कारण नव्हतं.

ताईने नोकरीचं सांगितलं. "ये" म्हणणार नाही. त्या सुताराचं ताईने मला वाचून दाखवलं होतं. एक माणूस तुझ्यामुळे चालायला लागतो आणि मी तुला सांगू की ते सोड? "राहा" असंही मी कोण सांगणार. एकदा जा म्हणून बघितलं, पुरे झालं.

माझं एवढंच म्हणणं आहे. तुमच्या गावी आमच्या कंपनीला माणसं हवी आहेत. बदली मागितली तर उन्हाळ्यात मिळेल. हुद्दा थोडा खाली येईल, ते चालेल. अर्ज लिहिला आहे, अजून दिलेला नाही, खिशात आहे. तू नको म्हणालीस तर फाडतो. हो म्हणालीस तर देतो. आणि मधल्या काळात दर रविवारी येऊन गेलं तर चालेल का, तेही कळव.

इतक्या महिन्यांत लिहिलं नाही ते एकदम लिहिलं आहे. चुका असतील.

* * *

२३ फेब्रुवारी

तुमचं पत्र आलं तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरने भरलेले होते. पाकिटावर तुमचं अक्षर पाहिलं आणि हात धुवायचा धीर निघेना. प्लास्टरवाल्या बाईंनी ते उघडून माझ्यासमोर धरलं आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी वाचलं. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून तसंच वाहू दिलं. पुढे ज्यांच्या पायाचं माप घ्यायचं होतं ते आजोबा म्हणाले, "बाई, माझा पाय इतका वाईट आहे का?" मग हसायला आलं.

आधी एक खरं सांगते, मग बाकीचं. केंद्राला "राहते" म्हणून मी सोमवारीच सही करून दिली. तुमचं पत्र त्यानंतर आलं. तुम्ही काय म्हणता याची वाट बघून ठरवायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. वाट बघून ठरवलं असतं तर पुढे कधीतरी भांडणात ते तुमच्या तोंडावर फेकलं असतं. म्हणजे तुम्ही येणार की नाही हे माहीत नसतानाच मी इथे राहिले. याचा राग आला तर अर्ज फाडा, मी काही म्हणणार नाही. राग आला नसेल तर देऊन टाका.

विचारायचंच नसेल, असं तुम्हाला वाटायचं ना? मला वाटायचं की विचारलं तर तुम्हाला आवडणार नाही. इतकी वर्षं आपण दोघांनी एकमेकांचा मान राखत राखत काय करून ठेवलं बघा.

वन्संना सांगा, शपथ मोडल्याबद्दल माझा त्यांच्यावर राग आहे आणि तो मी भेटल्यावर गळ्यात पडून काढणार आहे.

रविवारी या. दुपारच्या गाडीने आलात तर मी स्टेशनवर येईन. नवरदेवाला जे सांगितलंत ते वाचलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तसलं काही मला कधी बोलला नाहीत, परक्या पोराला मात्र बोललात. ते आता समोर बसून मला सांगायचं. सांगता आलं नाही तरी या.

वाट बघायची नाही असं ठरवलं होतं खरं. बघतेय.